तीन राखीव शब्द

एप्रिलमधल्या एका सकाळी माझा स्टोअर्सचा प्रोग्राम कंपाइल होईना. वर्षभर तो विनातक्रार चालला होता. मी त्यात अहवालाच्या मथळ्यातली एक चूक दुरुस्त केली होती, एवढंच. आणि कंपायलर मला सांगत होता की 'टॅग' हा शब्द तुला वापरता येणार नाही, तो राखीव आहे.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा प्रोग्राम. प्रत्येक भाषेतले काही शब्द तो स्वतःकडे ठेवून घेतो. ते शब्द आपण आपल्या कुठल्याही गोष्टीला नाव म्हणून द्यायचे नसतात. आम्ही पास्कल नावाच्या भाषेत काम करायचो आणि तिचे राखीव शब्द मला पाठ होते. त्यात टॅग नव्हता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात प्रत्येक सुट्या भागाला पत्र्याचा बिल्ला बांधलेला असे. तिथले लोक त्याला टॅग म्हणत, म्हणून मीही तोच शब्द घेतला होता.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. मी काटोलची, संत्र्याची बाग असलेल्या घरातली. गणितात एम. एस्सी. करून नागपूरच्या एका संगणक केंद्रात लागले होते. थोरल्या बहिणीकडे मनीषनगरात राहायचे. तेव्हा तिथले निम्मे प्लॉट रिकामे होते आणि सिटी बस रेल्वे फाटकाच्या अलीकडेच सोडायची. आमच्या केंद्रात बऱ्याच कार्यालयांची कामं यायची, पगार, सुट्या भागांचा साठा, बाजारातली आवक. मोठं यंत्र काचेच्या खोलीत होतं. त्या खोलीत चपला काढून जायचं. शहरात उन्हाळ्यात तेवढी एकच जागा मला खऱ्या अर्थानं थंड वाटायची.

मी आधी स्वतःवर संशय घेतला. फाइल पुन्हा वाचली, ओळ न् ओळ. मग वाटलं, माझ्या फाइलला कुणी हात लावला असेल. जुनी प्रत टेपवरून काढून ताडून पाहिली, तर माझ्या दुरुस्तीखेरीज काही फरक नव्हता. ती जुनी प्रतही कंपाइल होईना. म्हणजे प्रोग्राम तोच, यंत्र तेच, बदललेला होता तो कंपायलर. आणि कंपायलर आपोआप बदलत नाही.

तो बदलायचा तर यंत्राच्या आतल्या कप्प्यात शिरावं लागे, आणि त्याचा पासवर्ड तिघांकडेच होता. एक आमचे विभागप्रमुख. नागपूरच्या महाल भागातले, तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या घरातले, बोलताना प्रत्येक वाक्य पूर्ण करणारे. दुसरा यंत्राच्या कंपनीचा देखभाल इंजिनिअर, जो महिन्यातून एकदा मुंबईहून यायचा. तिसरे माझे वरिष्ठ सहकारी. त्यांचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते. सहकाऱ्यांचं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलेलं आणि बोली तिथलीच राहिलेली. संगणक केंद्रातले आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

मी कुणाला काही बोलले नाही. ज्यांनी हे केलं असेल ते सांगत नाहीत, तर त्याला कारण असणार, आणि ते कारण कळण्याआधी तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलं. माझ्या प्रोग्राममधलं टॅग बदलून 'बिल्ला' केलं आणि काम पुढे नेलं. त्या दिवशी बहिणीनं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, "काहून वं, जेवत काहून नाहीस? लक्ष कुठं हाय तुयं?"

"ऑफिसात कोणीतरी काहीतरी करून राहिलं आहे," मी म्हटलं.

"मग साहेबाले सांग."

"साहेबच असले तर?"

तिनं मला आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी एक युक्ती केली. दोन ओळींचा प्रोग्राम लिहायचा, त्यात एकाच गोष्टीला नाव द्यायचं आणि कंपायलर ते नाव घेतो का पाहायचं. टॅग नाकारलं. मग सुचतील ते शब्द घालत गेले. ज्या इंग्रजी शब्दांत भाषेचा शब्द होण्यासारखं काही आहे असं वाटलं, ते सगळे. बहुतेक त्यानं मुकाट्यानं घेतले. 'एनी' नाकारलं. बऱ्याच वेळानं 'व्हेन' नाकारलं. त्यापुढे काही सापडलं नाही.

टॅग, एनी, व्हेन. बिल्ला, कोणतंही, जेव्हा. मी ते तीन शब्द घेऊन बसले. चोरी करणारा माणूस भाषेत नवे शब्द कशाला घालेल? पगाराच्या हिशेबात हात मारायचा तर तो गुपचूप मारता येतो, त्याला 'जेव्हा' लागत नाही. हा कुणीतरी काहीतरी बांधत होता.

त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी मला आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. भाऊंचं नाव घेऊन विचारलं, "ते हल्ली काय करतात, तुमच्या पाहण्यात काही आलं का?"

"कामात असतात, सर."

"कामात सगळेच असतात. ते खापरखेड्याला फार जातात. तिथले इंजिनिअर इथे येऊन त्यांच्याच टेबलाशी बसतात. मला काही कळत नाही, आणि जे कळत नाही ते मला आवडत नाही. तुम्ही जरा लक्ष ठेवा."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बाहेर आले तेव्हा माझ्या मनात दोन संशय होते. एक, भाऊंवर, कारण साहेबांनाच मला विचारावं लागत होतं, म्हणजे ते काम त्यांचं नव्हतं. दुसरा, साहेबांनी हे माझ्यावरच का सोपवलं यावर. मी नवी होते, बाई होते, आणि भाऊंसारखीच खेड्याकडची बोली बोलणारी होते. भाऊ माझ्याशी मोकळेपणानं बोलतील असा त्यांचा हिशेब असावा.

दुपारी भाऊ चहाला निघाले तशी मी बरोबर गेले. केंद्राच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक टपरी होती. ग्लास हातात आल्यावर मी विचारलं, "भाऊ, कंपायलरमध्ये तुम्हाला 'व्हेन' कशाला लागते?"

त्यांनी ग्लास ओठापाशी नेला होता, तो तसाच खाली घेतला.

"कोनं सांगितलं तुमाले?"

"कोणी नाही. कंपायलरनं सांगितलं. माझा स्टोअर्सचा प्रोग्राम अडला."

"टॅग," ते म्हणाले. "अरे देवा. टॅग तुमच्या प्रोग्रामात होता, नाही का. ते मायं ध्यानातच नाही आलं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते एक छोटी भाषा लिहीत होते. वीज केंद्रातल्या इंजिनिअरांना रोजच्या नोंदींवरून काही पाहायचं असलं तर आमच्याकडे अर्ज यायचा, आम्ही प्रोग्राम लिहायचो, उत्तर जाईस्तोवर त्याची गरज संपलेली असायची. भाऊंच्या भाषेत इंजिनिअरानं स्वतःच टाइप करायचं: दाखव, मोज, जर. अक्षरं रोमन, शब्द आपले. आणि ती भाषा चालवणारा प्रोग्राम भाऊ पास्कलमध्ये लिहीत होते.

"पन पास्कल लय कडक हाय," ते म्हणाले. "तिच्यात डब्यावर आधीच लिवावं लागते, याच्यात साखर, त्याच्यात मीठ. मंग साखरेच्या डब्यात मीठ जात नाही. चांगली गोष्ट हाय, मी नाही म्हनत नाही. पन माया भाषेत डब्यात काय येईल ते आधी मालूमच नसते. मीटरचा आकडा बी येईल, नाही तर ऑपरेटर 'बंद' असा शब्द लिवून मोकळा होईल."

त्यांना असा डबा हवा होता ज्यात काहीही ठेवता येईल, पण ठेवताक्षणी आत काय आहे याची चिठ्ठी त्यावर आपोआप लागेल. डबा म्हणजे एनी, चिठ्ठी म्हणजे टॅग. आणि व्हेन म्हणजे, चिठ्ठी आकड्याची असली तर हे कर, शब्दाची असली तर ते कर. पास्कलमध्ये हेच करता येत होतं, पण दर ठिकाणी ओळींचा ढीग लिहावा लागे, आणि एक चिठ्ठी लावायची राहिली की यंत्र शब्दाला आकडा समजून बेरीज करून बसे. कंपायलरचा मूळ मजकूर आमच्याकडे होताच. म्हणून त्यांनी भाषेतच ते तीन शब्द वाढवले होते.

मला ते पटलं. हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण पटलं म्हणून संशय गेला असं झालं नाही.

"मग चोरून काहून?"

"चोरून नाही. मागच्या वर्षी साहेबाले बोल्लो होतो. ते म्हनले, पाहू. त्यांचं पाहू म्हंजे नाही."

"भाऊ, पगाराचा प्रोग्रामही याच कंपायलरमधून निघतो. उद्या कोणाच्या पगारात गडबड झाली तर?"

"नाही होत. मी तपासलं हाय."

"तुम्ही तपासलं. मी नाही तपासलं."

ते जरा दुखावले. मी म्हटलं, जुना कंपायलर आजच परत चढवा, मग पुढचं बोलू. त्यांनी चढवला. तो चढवताना मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, आणि ते त्यांना आवडलं नव्हतं हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. पुढचे दोन दिवस मी पगाराचा सगळा हिशेब जुन्या आणि टेपवर काढून ठेवलेल्या नव्या अशा दोन्ही कंपायलरमधून काढला आणि ताडत बसले. उत्तरं तंतोतंत सारखी निघाली. मी त्यांना तसं सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले.

नंतर एका शनिवारी ते मला खापरखेड्याला घेऊन गेले. मी कॉलनी, वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाची पूड बसलेली झाडं पाहत होते, आणि मनात हेही होतं की हे मला काही दाखवायला आणत आहेत की माझं तोंड बंद ठेवायला. नियंत्रण कक्षाशेजारच्या खोलीत एक पाळी-इंजिनिअर बसले होते, भाऊंच्याच वयाचे. त्यांनी आमच्याच केंद्रातून गेलेला एक अहवाल पुढे केला. वीज बनवणाऱ्या एका संचाचं सरासरी उत्पादन त्यात फारच कमी दिसत होतं.

"यावरून मले वरून झापलं," ते म्हणाले. "संच चांगला चालत होता हो. देखभालीसाठी बंद होता ते दिवस तुमच्या प्रोग्रामनं शून्य धरले. बंद म्हंजे शून्य नसते, मॅडम. बंद म्हंजे मोजायचंच नसते."

तो प्रोग्राम माझा नव्हता, मी येण्याआधीचा होता. पण मी लिहिला असता तरी असाच लिहिला असता, कारण आकड्याच्या डब्यात 'बंद' मावतच नाही. बसनं परत येताना मी भाऊंना म्हटलं, "तुम्हाला हे रीतसर मांडायला हवं. लेखी. सगळ्यांसमोर."

"हानून पाडतील."

"पाडू द्या. पण लपून चालवलं आणि बाहेर पडलं, तर भाषाही जाईल आणि तुम्हीही."

त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "कोन पाडन बाहेर?"

तो प्रश्न माझ्यासाठी होता हे मला समजलं होतं.

बैठक मे महिन्यात झाली. विभागप्रमुख, मुंबईचा देखभाल इंजिनिअर, भाऊ आणि मी. खिडकीतला कूलर एवढा आवाज करत होता की शेवटी तो बंद करून आम्ही घामात बसलो. भाऊंनी फळ्यावर लिहून तीन शब्द समजावले. आकडा आला तर काय, शब्द आला तर काय, कोरं आलं तर काय. त्यांचं बोलणं अडखळत होतं, कारण साहेबांसमोर ते पुस्तकी मराठी बोलायला बघायचे आणि ती त्यांना जमत नव्हती. पण फळ्यावरचं स्वच्छ होतं.

मुंबईचा इंजिनिअर म्हणाला, की कंपायलरला हात लावलात तर आमची कंपनी जबाबदार नाही.

साहेब म्हणाले, "समजा, हे उद्या दुसरीकडे गेले. मग हे तीन शब्द कुणाचे? जगातल्या कुठल्या पुस्तकात हे सापडणार आहेत? नव्या माणसाला मी काय वाचायला देऊ?"

तो प्रश्न रास्त होता. मी बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बोलले.

"सर, नवे शब्द सगळ्यांवर लादायचे कशाला? ज्या प्रोग्रामला ते हवेत, त्यानं पहिल्याच ओळीत तसं मागावं. ज्यानं मागितलं नाही, त्याच्यासाठी कंपायलर जुन्यासारखाच वागेल. म्हणजे जुने प्रोग्राम अडणार नाहीत. आणि हा कंपायलर वेगळ्या नावानं ठेवायचा. पगाराचं काम त्याच्याकडे जायलाच नको."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं, मला तिथे बसल्या बसल्या सुचलं होतं. साहेबांनी आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं हे ठरवून आलात काय?"

"नाही, सर."

"जुने प्रोग्राम अडतात हे तुम्हाला कसं माहीत? हा तर अजून प्रस्ताव आहे." ते थांबले, चष्मा काढून पुसला. "मला असं कळलं आहे की एप्रिलमध्ये काही दिवस यंत्रावर वेगळाच कंपायलर होता."

मुंबईचा इंजिनिअर टेबलाकडे पाहत होता. मी भाऊंकडे पाहायचं टाळलं, आणि नेमकं तेच चुकलं असं मला पुढे कित्येकदा वाटलं, कारण त्यांनी त्याचा अर्थ लावला असणार.

"मी चढवला होता, सर," भाऊ म्हणाले. "नंतर काढला. नुकसान कोनाचं झालं नाही."

साहेब ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला, आणि तो असा होता की त्यात प्रत्येकाला काहीतरी मिळालं आणि प्रत्येकाला काहीतरी टोचत राहिलं. भाऊंची भाषा चालेल. तीन शब्द राहतील, पण पहिल्या ओळीत मागितल्यावरच, आणि वेगळ्या कंपायलरमध्ये. भाऊंचा पासवर्ड काढून घेतला जाईल. तो माझ्याकडे येईल. ते जे काही नवं लिहितील ते मी वाचून, तपासून चढवेन.

ज्या माणसावर लक्ष ठेवायला मी धड होकार दिला नव्हता, त्याची राखण माझ्या गळ्यात आली ती अशी.

पुढची दोनेक वर्षं आमचं काम उत्तम चाललं. हे मी काम म्हणते. खापरखेड्याचे इंजिनिअर स्वतः 'दाखव' आणि 'मोज' टाइप करू लागले, बंद असलेले दिवस सरासरीतून आपोआप बाजूला राहू लागले, दुसऱ्या एका वीज केंद्रातूनही मागणी आली. पण भाऊ माझ्याशी जेवढ्यास तेवढं, ताई आणि प्लीज लावून बोलू लागले. नवी आवृत्ती झाली की माझ्या टेबलावर टेप ठेवून जायचे. चहाला एकटे जायचे. एकदा मी सरळ म्हटलं, "भाऊ, साहेबांना मी काही सांगितलं नव्हतं."

"मी कुठं म्हनलो, तुमी सांगितलं?"

साहेबांना कुणी सांगितलं हे मला आजही माहीत नाही. मुंबईच्या इंजिनिअरला आतल्या कप्प्यातल्या फाइलींच्या तारखा दिसत असणार, त्यानं सांगितलं असेल. साहेबांनी अंदाजानं खडा टाकला असेल. मीही त्यांना तोंडावर विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी 'हे तुम्ही का विचारता' असं म्हणून माझ्यावरच संशय घेतला असता.

मग भाऊंना हैदराबादला चांगली नोकरी लागली. निरोपाचा चिवडा आणि पेढे खाऊन ते गेले. ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावून विचारलं, "त्यांनी आत काही ठेवून दिलं नसेल ना? म्हणजे पुढेमागे त्यांनाच बोलवावं लागेल असं काही?"

मला तो प्रश्न क्षुद्र वाटला, आणि तरी रात्रीपर्यंत तो माझ्याही डोक्यात बसला. दर वेळी मी तपासून चढवलं होतं हे खरं, पण त्या त्या वेळी बदलला तेवढाच भाग. सगळं सलग मी कधी वाचलं नव्हतं. आता वाचायला घेतलं. कंपायलरमधली भर आणि त्यावरची ती छोटी भाषा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पावसाळाभर ते चाललं. एखादी चोरवाट, एखादी अट जी अमुक तारखेनंतर सगळं थांबवेल, असं काहीतरी मी शोधत होते. काही सापडलं नाही. सापडल्या त्या दोन साध्या चुका, ज्या कुणाच्याही हातून होतात, आणि एक जागा जिथे कोरी नोंद आणि 'बंद' यांतला फरक त्यांनी इतका नेटका केला होता की मी ती ओळ कागदावर उतरवून पुन्हा वाचली. त्या वाचनानं एवढं झालं की ती भाषा मला त्यांच्याइतकीच येऊ लागली. नवी यंत्रं येऊन ते सगळं मोडीत निघेपर्यंत ती मीच सांभाळली, आणि वीज केंद्रातल्या लोकांनी मागितलेले आणखी काही शब्दही तिच्यात घातले.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भाऊ भेटले. केस गेले होते, चष्मा लागला होता. पंगतीत शेजारी बसलो. त्यांनी स्वतःहूनच विचारलं, बोली जराही बदललेली नव्हती, "खरं सांगा ताई, तेव्हा साहेबाले तुमीच सांगितलं होतं ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मले आता त्याचं काही नाही. तसंच विचारून राहिलो."

"नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की त्यांनी विषय मिटवला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. वाढपी वडाभात घेऊन आला. त्यावर फोडणीचं गरम तेल घ्यायला त्यांनी मला आग्रह केला आणि मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल सांगू लागले. तिला संगणक शाखाच घ्यायची होती, आणि त्यांना तिनं स्थापत्य घ्यावं असं वाटत होतं. मी मुलीची बाजू घेतली. ते हसले, म्हणाले, घरीही सगळे तिच्याच बाजूचे आहेत.